माप घेताना लागलेली गाठ

जून तोंडावर आला की दुकानात शाळेच्या गणवेशांची रास लागते, आणि स्वतःच्या पोराचं माप सगळ्यात शेवटी. २०२२ साली तो अकरा वर्षांचा होता. छातीभोवती टेप फिरवला तर डाव्या अंगाला तो सपाट बसेना. बगलेपासून चार बोटं खाली, बरगडीवर काहीतरी टणक लागलं. दाबलं तर म्हणाला, "दुखतंय पप्पा." बॉल लागला असेल म्हणून हिनं हळदीचा लेप लावला. सांगलीत हळदीला काय तोटा!

मग महिनाभर 'मुका मार' म्हणून गोळ्या. खोकला सुरू झाला, एक्स-रेत छातीत पाणी दिसलं आणि टीबीची औषधं चालू झाली. पाणी म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, हे मला पटतं. पण हाताला गाठ लागत असताना सीटी स्कॅन सुचायला इतके दिवस का लागावेत, हा राग अजून गेलेला नाही. स्कॅनमध्ये कळलं की बाहेर लिंबाएवढी लागणारी गाठ आत मुठीएवढी होती.

एका सर्जननी सांगितलं, "परवा ॲडमिट करा, काढून टाकू." आम्ही पैशाची जुळवाजुळवही केली होती. मिरजेतल्या आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांनी अडवलं. "कात्री लावायची नाही. तपासणीचा तुकडासुद्धा पुढं जे ऑपरेशन करणार त्यांनीच काढायचा. सुई ज्या वाटेनं आत जाते ती वाटसुद्धा नंतर गाठीबरोबर काढावी लागते." त्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. पहाटे दादर, तिथनं परळचं टाटा हॉस्पिटल.

सुईची बायोप्सी, पेट स्कॅन, हाडातल्या मगजाची तपासणी, छातीतलं पाणी तपासणं यात बरेच दिवस गेले. आजाराचं नाव निघालं इविंग सार्कोमा. लहान मुलांच्या छातीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या कर्करोगांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. मी एकच विचारलं, "वाचंल का?" टाटातल्या डॉक्टर मॅडमनी आकडा टाळला नाही. "एकाच जागी असेल तर दहातली साधारण सात मुलं पाच वर्षांनंतरही असतात. फुप्फुसात, हाडात पसरला असेल तर तिघं." आमचा मगज स्वच्छ निघाला, पाण्यातही कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. म्हणजे आम्ही सातांच्या रांगेत. पण रांगेत कितवे, ते कोण सांगणार?

क्रम असा ठरला: आधी तीनेक महिने केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. सगळं मिळून वर्षभर. इथं माझी खरी परीक्षा झाली. सासऱ्यांचा रोज फोन, "काढली का गाठ?" गल्लीतही तेच. गाठ अंगात ठेवून पोराला औषधं देत बसलेत म्हणजे बाप वेडा, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही रात्री वाटायचं. मॅडमनी समजावलं होतं की स्कॅनमध्ये न दिसणारे कण रक्तातनं आधीच फिरत असतात. केमो नव्हती त्या काळात नुसतं ऑपरेशन करून किंवा शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन दहातलं जेमतेम एखादं मूल वाचायचं. हे मी सासऱ्यांना किती वेळा सांगितलं, मोजदाद नाही.

केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बरंचसं बसलं, उरलेल्यासाठी तिथल्या समाजसेविका बाईंनी अर्ज भरून घेतले. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म पहिल्याच दिवशी मागून घ्या. स्लीपरला पेशंटला पूर्ण माफी असते आणि सोबतच्याला पाऊण; मला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

केमोतलं लाल औषध दिलं की लघवी लाल व्हायची, ते बघून पहिल्यांदा ही रडलीच. तिसऱ्या डोसनंतर सांगलीत असताना रात्री अकराला ताप भरला, एकशे एक. एका कॅज्युअल्टीत म्हणाले, "साधा ताप आहे, सिरप द्या, सकाळी बघू." मी टाटाची चिठ्ठी टेबलावर ठेवली: पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे तासाभरात शिरेतनं अँटिबायोटिक. चिठ्ठी वाचल्यावर धावपळ झाली. ती चिठ्ठी मी लॅमिनेट करून खिशात ठेवायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी कागदावर चित्र काढलं. सातवी बरगडी आणि वरखालच्या बरगड्यांचे तुकडे काढायचे, त्या जागी जाळी बसवायची. गाठीभोवती चांगला भागही थोडा घ्यायचा. म्हटलं, "म्हणजे आम्ही शिवणीला ठेवतो तशी माया सोडून कापायचं." ते हसले. मी दुसरं विचारलं, "पोरगं वाढणार, जाळी वाढंल का?" हसणं थांबलं. म्हणाले, "जाळी वाढत नाही. म्हणून पाठीचा कणा वाकतोय का, ते वाढ थांबेपर्यंत बघत राहायचं."

दोन-अडीच आठवड्यांनी रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, आणि गाठीतला ९५ टक्क्यांहून जास्त भाग केमोनं आधीच मेलेला. तो कागद घेऊन मी जिन्यात बसलो आणि सासऱ्यांना फोन लावला. "काढली," म्हटलं, "पण काढायच्या आधीच मेली होती." शेक द्यावा लागला नाही. उरलेली केमो २०२३ च्या पावसाळ्यात संपली.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी, मधूनमधून हृदयाची इको, कारण लाल औषध हृदयाला त्रास देऊ शकतं. तपासणीच्या आदल्या रात्री महालक्ष्मीत मला झोप लागत नाही, तो घोरतो.

यंदा जूनला माप घेतलं. दोन खांद्यांत पाव इंचाचा फरक भरला. टाटात दाखवलं, कणा ठीक आहे म्हणाले, पुढच्या खेपेला परत बघू. एका खांद्याला आतनं पॅड लावू का, असं मी विचारलं. "नको," म्हणाला, "दप्तर तेवढंच घसरतंय. बाह्या जरा आखूड करा."