पाणी न वाहता वाढणारा आकडा

उन्हाळ्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पाणी जपून वापरावे लागते, म्हणून गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या अर्ध्या इंची पाइपवर मी वायएफ-एस२०१ हा पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर बसवला. लिटरमागे साधारण ४५० पल्स (विजेचे छोटे ठोके) देणाऱ्या या सेन्सरची तार आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या दोन नंबरच्या पिनला जोडली होती आणि प्रत्येक पल्सला इंटरप्ट (हातातले काम थांबवून लगेच दखल घ्यायला लावणारा इशारा) येऊन मोजणी एकने वाढत होती. मात्र रात्रभर सगळे नळ बंद असूनही सकाळी आकडा तीस-चाळीसने पुढे गेलेला असे.

प्रथम मी प्रोग्रामवर संशय घेतला आणि आधीच्या पल्सनंतर दोन मिलिसेकंदांच्या आत येणारा पल्स सोडून द्यायची अट घातली. आकडा कमी झाला, पण वाढायचा थांबला नाही. ही अट आधी घालणे ही माझी चूक होती, कारण तिने दोष अर्धवट झाकला. सेन्सरची तार सोडवून पिन ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने पाच व्होल्टला बांधली, तेव्हा रात्रभरात एकही पल्स मोजला गेला नाही. म्हणजे दोष तारेकडून येत होता.

तार पुन्हा जोडून प्रत्येक इंटरप्टची वेळ नोंदवली, तेव्हा सगळ्या नोंदी सोसायटीचा पंप बंद होण्याच्या क्षणाशी जुळल्या. बारा मीटरची ती तार पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (कॉइलच्या चुंबकाने पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) वायरबरोबर वायरिंगच्या एकाच पाइपातून गेली होती. व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहिले तर कॉइल सुटताच पिनवरचे पाच व्होल्ट काही मायक्रोसेकंद ०.८ व्होल्टपर्यंत कोसळत होते. अ‍ॅटमेगा ३२८पी हा नॅनोवरचा कंट्रोलर पाच व्होल्टवर चालताना दीड व्होल्टखालचा सिग्नल निश्चितपणे ‘लो’ समजतो, त्यामुळे इंटरप्ट खोटा नव्हताच; पिन खरोखर खाली जात होती.

माझ्या सेन्सरचे आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते तार फक्त खाली खेचू शकते, वर नेऊ शकत नाही, आणि त्याला आधार होता तो फक्त चिपमधल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अपचा (पिन पाच व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरचा), जो एवढ्या लांब तारेला फारच अशक्त ठरतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, सुटे भाग आणून बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप लावला, पिनला सिरीजमध्ये एक किलोओहम आणि पिनजवळ ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला. मिनिटाला ३० लिटर प्रवाहातही दोन पल्समध्ये सुमारे ४.४ मिलिसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे या फिल्टरने खरे पल्स बुडत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (कॉइल सुटताना उठणारा विजेचा झटका शोषणारा भाग) बसवून घेतला आणि सेन्सरची तार वेगळ्या पाइपातून नेली.

त्यानंतर दोन मिलिसेकंदांची अट मुद्दाम काढून टाकली. पंप पहाटे पाचला बंद होतो, आणि रात्री लिहून ठेवलेला आकडा सकाळी तोच असतो.