डोकं दमलं

"हातपाय नाही गं, डोकं दमलं," आज सकाळी सिंगापूरच्या बागेत बाकावर टेकत आई म्हणाली. शेजारच्या आजींबरोबर ती ताई ची हा चिनी व्यायाम करायला उभी राहिली होती.

दमणारच! वजन डाव्या पायावर, हात उजवीकडे, पुढची हालचाल लक्षात ठेवायची, आणि सगळं संथ.

शांघायमध्ये १२० ज्येष्ठांवर ४० आठवडे झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताई ची करणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं वाढलं होतं, नुसतं चालणाऱ्यांचं नाही. मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच: जमून गप्पा मारणाऱ्या गटाचंही वाढलं!

आपण मात्र आईबाबांना "रोज चालत जा" एवढंच बजावतो. तुमच्याकडे त्यांच्या चालण्यात बोलायला सोबत कोण असतं?