आमची वाटचाल : जुन्या गाडीचं नवं हँडल

वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला होते. शाळा सुटली की मी थेट त्यांच्या शेडमध्ये. आटे कसे पाडायचे, सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक बोटाला कसा कळतो, हे तिथेच शिकलो. पुढे शेजारचाच एक गाळा भाड्याने घेतला आणि मोटरसायकलींचं काम सुरू केलं. येझदी आणि आरएक्स 100, दोन्ही 1996 साली बंद झाल्या होत्या. पण आमच्याकडे त्या गाड्या कुणी भंगारात घालत नाही. वडिलांची गाडी मुलगा चालवतो, आणि त्याला ती स्वतःच्या अंगाला बसेल अशी हवी असते.

पहिल्याच वर्षी एक चूक झाली. एका मुलाच्या आरएक्सला तीन इंच उंच हँडल बसवलं, एक्सिलेटर, क्लच, ब्रेकच्या वायरी मात्र जुन्याच ठेवल्या, ओढूनताणून. गाडी सरळ चालवून बघितली, छान चालली, दिली. त्याने चौकात वळायला हँडल पूर्ण फिरवलं, एक्सिलेटरची वायर ताणली गेली आणि मूठ न पिळताच गाडीने रेस घेतली. दुभाजकावर आदळून मनगट मोडलं त्याचं. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण त्याच्या आईसमोर उभं राहायचं अवघड झालं होतं. तेव्हापासून नियम एकच: गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज तसूभर जरी चढला तरी गाडी बाहेर जात नाही.

त्यातूनच आम्ही वायरी घरी बनवायला लागलो, आणि धंदा खरा उभा राहिला तो वायरींवर. निप्पल म्हणजे वायरीच्या टोकाचा हरभऱ्याएवढा पितळी तुकडा. त्यातून आतली तार ओवायची, टोकाच्या काड्या (तारेतले बारीक धागे) फुलासारख्या उमलवायच्या, डाग नीट धरावा म्हणून फ्लक्स लावायचा आणि सोल्डरचा डाग द्यायचा. काड्या फुलवल्या नाहीत तर नुसत्या डागावर तार टिकत नाही, क्लच दाबता दाबता निसटते. आच जास्त लागली तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि तार तिथेच तुटते. आरएक्सची एक्सिलेटर वायर तर पुढे दोन फाट्यांत जाते, एक कार्बोरेटरला, दुसरी ऑइल पंपाला. पंपाची वायर ढिली राहिली की तेल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. हे काम मी अजूनही दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

आमच्याकडे आधी माणसाचं माप घेतात. खांद्याचं ऑपरेशन झालेले एक काका येझदी घेऊन आले होते. म्हणाले, "गगनबावड्यापर्यंत जातो, पण येताना हात वर होत नाही बघा." त्यांना गाडीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि हातात नुसता एक पाइप दिला. "काका, जिथं बरं वाटतंय तिथं धरा." तो मूळ हँडलपेक्षा चार बोटं मागे आला आणि दोन बोटं वर. तेवढंच केलं. बाजारातलं सगळ्यात उंच हँडल त्यांना घालून पैसे जास्त मिळाले असते, पण खांदा पुन्हा दुखावला असता.

बहुतेक जुन्या गाड्यांचं हँडल 22 मिलिमीटरचं. हल्लीचं जाड हँडल क्लॅम्पपाशी (हँडल धरणाऱ्या पकडीपाशी) 28.6 मिलिमीटर भरतं, म्हणजे क्लॅम्पही बदलावा लागतो. ऑनलाइन मागवलेलं हँडल गिऱ्हाईक घेऊन येतं, त्याच्या पाइपची जाडी आम्ही आधी बघतो. पातळ असेल तर बसवत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. स्विचची पिन बसायला भोक लागतं, ते नव्या हँडलला पाडतो. मूळ गाडीला, चासीला, वायरिंगला हात नाही. हेडलाइटच्या आतली वायर लांब करायची तर मधे कपलरचा (काढता-घालता येणाऱ्या जोडाचा) तुकडा जोडतो, जुनी वायर कापत नाही.

काही कामं आम्ही घेतच नाही. साडी गार्ड काढायला सांगतात, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागतात. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी चाकाला आच्छादन हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. पण नियम नसता तरी मी काढलं नसतं. चाकात पदर गेलेला मी पाहिला आहे. 6 व्होल्टच्या गाडीला दोन मोठे फॉग लॅम्प लावायलाही नकार. आधी तिच्या चार्जिंगला किती झेपतं ते मीटरवर दाखवतो. पटलं तर एकच छोटा एलईडी, वेगळा फ्यूज टाकून.

आज गाळे दोन आहेत. विजेचं वायरिंग माझी मुलगी बघते. वायरींचे संच सांगली, बेळगाव, पणजीपर्यंत पार्सलने जातात. फोनवर हँडल किती इंच वर, किती मागे, एवढं सांगितलं की पुरे. काढलेलं मूळ हँडल आणि वायरी आम्ही गिऱ्हाइकाला परत देतो. घरी जागा नसेल तर कागदात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवतो. गेल्या महिन्यात त्या काकांचा मुलगा आला. काका आता गाडी चालवत नाहीत, म्हणाला, आणि मला ती होती तशी हवी आहे. माळ्यावरून पुडकं खाली काढलं. दुपारच्या जेवणाआधी गाडी तयार होती, वायरीसुद्धा तिच्याच.