चिंबोरीचं बीळ आणि बाहेरकाठा

पिठोरीच्या दिवशी मामाकडे होतो, पेणच्या खाडीपट्ट्यात. सकाळी दहाच्या सुमारास मामा म्हणाला चल, उधाणाची भरती आहे, बांधावर चक्कर मारून येऊ. आमच्याकडे याला बाहेरकाठा म्हणतात, नुसता मातीचा बांध, माझ्या डोक्याएवढा पण उंच नाही, पण एका बाजूला खाडीचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं आणि त्यामागे घरं, मध्ये फक्त ती माती.

बांधात उघाडी असते, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं आणि भरती चढली की खाडीचंच पाणी ती दाबून बंद करतं, ना मोटर ना लाईट, मी लहानपणापासून बघतोय तरी अजून तिथून हलावंसं वाटत नाही.

मामा मात्र वाकून आतला उतार बघत चालला होता. एका जागी थांबला. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ, अंगठ्याएवढं, त्यातून पाणी झिरपत होतं आणि ते गढूळ होतं. म्हणाला, "गढूळ येतंय म्हणजे आतली माती पण येतेय." मग बाहेरच्या बाजूने उतरून कंबरभर पाण्यात बिळाचं तोंड शोधलं, चिखल आणि पेंढा कोंबून पायाने दाबला, मी वरून ढेपे देत होतो. अर्ध्या तासात पाणी थांबलं.

पलीकडच्या शेतांना हे नशीब नव्हतं. तिथे खांड पडली, म्हणजे बांध फुटला, अर्ज केले, फेऱ्या मारल्या, तोवर दिवसातून दोनदा भरती येऊन खांड होडी जाईल एवढी झाली. आता त्या भातशेतीत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं उगवलीत आणि ती तोडायला कायद्याने बंदी. तिवरं बांधाबाहेर हवीतच, लाटा तीच अडवतात, पण खाचरात उगवली की शेतकऱ्याचं भात कायमचं गेलं ना!

पूर्वी जोळ होता, ज्याची जमीन त्याने बांधावर राबायचं, सगळ्यांचं लक्ष असायचं. १९४८ आणि १९७९ चे खारजमिनीचे कायदे आले, सरकारी पैसा आला, त्याची गरजही होती, पण रोज बांधावरून चालणारी माणसं कमी झाली याचं मला फार वाईट वाटतं.

काल मामाचा फोन होता. आपलं बीळ कोरडं आहे, पण उघाडीच्या पुढे अजून दोन सापडलीत, रविवारी ये.