अर्धं केळं

यंदा आईला घेऊन पहिल्यांदाच माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड चालले. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून पहाटे निघालो, एकादशी म्हणून उपास, आणि पुढं दिवे घाट.

हडपसरच्या अलीकडं एक मोठ्ठा फ्लेक्स दिसला. वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत, हात जोडलेला फोटो, आणि तो फोटो त्याच माणसाचा, ज्यानं बाबांच्या गोड बोलून सह्या घेतल्या आणि आमची जागा लाटली. केस चालू असतानाच बाबा गेले, ८ वर्षं झाली, नुसत्या तारखा पडतायत आणि हा इथं टेबल मांडून केळी वाटतोय, लोक त्याला माऊली म्हणून पाया पडतायत! खरं सांगते, मला पांडुरंगाचाच राग आला, तुला दिसत नाही का रे हे?

आईनं केळं घेतलं, सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "खा, घाट चढायचाय." घशाखाली जाईना.

गाडीतळावरून तुकोबांची पालखी लोणीकडं जाते नि माऊलींची सासवडकडं. माझ्या डोक्यात मात्र तुकोबाच. गाथा इंद्रायणीत बुडवली नि ते १३ दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले, हे लहानपणापासून ऐकतोय. पण १३ हा आकडा आपल्याला माहितीये, त्यांना कुठं माहिती होता? नवव्या दिवशी काय वाटलं असेल त्यांना? आणि ज्या वाघोलीच्या रामेश्वर भटांमुळं हे झालं त्यांचं वाटोळं नाही झालं, ते पुढं तुकोबांचेच शिष्य झाले. हे मला फार टोचलं, कारण मला वाटोळंच हवं होतं.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. रथ थांबला की दिंड्या थांबतात, कुणी पुढं घुसत नाही. बैलांच्या तोंडाला फेस, टाळ चालूच, वर अजून किती वळणं राहिलीत ते खालून कळतच नाही. आईचा घामेजलेला तळवा माझ्या हातात. तिथं उभ्या उभ्या रडू आलं आणि म्हटलं, बरं देवा, कधी ते तू ठरव, आणि काय तेही तूच ठरव.

रात्री सासवडला तंबूत आईच्या पायाला तेल चोळता चोळता मी विचारलं,

"पुढची तारीख कधी गं?"

"१४ ऑगस्ट."

"मी पण येणार. बाबांची फाईल माझ्याकडं दे."