आमची वाटचाल: एका परत आलेल्या लॉटपासून

आम्ही १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार मोठा ताण सोसणाऱ्या कठीण स्टीलचे बोल्ट बनवतो. पहिली काही वर्षं ड्रॉइंगप्रमाणे माल द्यायचा आणि पुढची ऑर्डर घ्यायची, एवढंच काम. मग एक अख्खा लॉट परत आला.

गिऱ्हाइकाने बोल्ट नीट आवळले होते, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर होता; दुसऱ्या दिवशी सकाळी काहींची डोकी तुटून पडलेली. हार्डनेस तपासली, ठीक. स्टीलचं सर्टिफिकेट, तेही ठीक. हीट ट्रीटमेंटवाल्यावर संशय घेतला. तो रागावला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. तुटलेल्या भागात खोलवर काय घडलंय ते बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, आणि तो घेणं आमच्या आवाक्यातलं नाही.

संशोधन निधीतून लहान उद्योगांना सरकारी प्रयोगशाळेत तपासणी करून मिळते, हे आम्हाला योगायोगानेच कळलं. तिथल्या संशोधक बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "प्लेटिंगआधी माल ॲसिडमध्ये किती वेळ असतो?" आम्ही गप्प. झिंक प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचो, तिथे काय चालतं ते कधी विचारलंच नव्हतं.

मायक्रोस्कोपखाली तडा स्टीलच्या कणांच्या सीमांवरून गेलेला दिसला. पिकलिंग (प्लेटिंगआधी माल ॲसिडमध्ये साफ करणं) आणि प्लेटिंगच्या वेळी सुटलेला हायड्रोजन इतक्या कठीण स्टीलमध्ये शिरतो, आणि ताणाखाली असलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. पिकलिंगचा वेळ कमी करा, प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत माल ओव्हनमध्ये घाला, सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवा, म्हणजे शिरलेला हायड्रोजन निघून जातो: उपाय एका पानावर मावला.

ते पान शॉप फ्लोरवर उतरवणं मात्र अवघड होतं. ब्रिटनने १९७५ साली टीचिंग कंपनी स्कीम सुरू केली होती. नुकताच पदवीधर झालेला तरुण कारखान्यात काम करतो, विद्यापीठातले प्राध्यापक पाठीशी असतात. तशाच धर्तीच्या योजनेतून आमच्याकडे एक मुलगी आली. तिने ऑपरेटरना नमुना घासून, पॉलिश करून साध्या मायक्रोस्कोपखाली वाचायला शिकवलं. प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट आवळून ४८ तास ठेवायची चाचणी तिनेच बसवली. योजना संपल्यावर तिला आम्ही कायम केलं. आज आमच्या दोन ऑपरेटरना तडा बघून कारण सांगता येतं; माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई ती.

संशोधनाचा पैसा इमारती आणि शोधनिबंधांवरच मोजला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थांना मूळ सरकारी निधी साधारण एक तृतीयांशच मिळतो. बाकीचा उद्योगांच्या कामांतून आणि स्पर्धेने मिळणाऱ्या प्रकल्पांतून उभा करावा लागतो. म्हणून तिथला शास्त्रज्ञ कारखान्यात जातो. आमच्यासारख्या किती जणांना दार उघडलं, हेही प्रयोगशाळांना विचारलं जावं.

गेल्या महिन्यात आमच्या प्लेटरने स्वतःचा ओव्हन घेतला. पहिल्या लॉटचे ४८ तास भरत आले तेव्हा तो सकाळीच येऊन चाचणीच्या टेबलापाशी उभा होता.