बेडकीची डायरी, भाग १४: परत फिरणारा बोल्ट

भाग १३ मध्ये ‘सस्पेन्शनचं काम आटोपलं, आता फक्त चालवायचं’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. गेले तीन आठवडे बेडकी, म्हणजे माझी जुनी माझदा मियाटा, जॅकस्टँडवर होती, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय आणि गॅरेजमधला जळक्या रबराचा वास अजून जात नाहीये.

झालं असं. आमचे नागपूरकर मित्र (मस्टँगवाले, तुम्हाला ठाऊक आहेतच) कधीचे मागे लागले होते, “वळणं खूप झाली, एकदा सरळ धावून दाखव ना बे.” शेवटी एका शुक्रवारी रात्री नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉनकॉर्डच्या झीमॅक्स ड्रॅगवेवर टेस्ट अँड ट्यूनला, म्हणजे आपापली गाडी सरळ पळवून बघायच्या रात्री, गेलो. २००८ सालची, चार लेनची काँक्रीटची पट्टी. स्टार्ट लाइनवर रबर इतकं बसलेलं की चप्पल घालून गेलात तर चप्पल तिथेच राहील. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. त्यांचे १२.१९ सेकंद, माझे १७.०८. ११६ हॉर्सपॉवरच्या १.६ लिटरकडून आणखी काय मागणार?

तरी नाकं मुरडायला गेलो होतो तसा परतलो नाही. रांगेतल्या एका आजोबांनी ब्रॅकेट रेसिंग समजावून दिलं. दोघांनी आपापली वेळ आधी काचेवर लिहायची, हळू गाडीला तेवढ्या फरकाची आघाडी मिळते, आणि लिहिल्यापेक्षा जलद गेलात तर बाद. म्हणजे माझी १७ सेकंदांची बेडकीही मस्टँगला हरवू शकते, फक्त मी दर वेळी तेवढीच वेळ काढायला हवी. आणि हो, माझा रिअ‍ॅक्शन टाइम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. त्याचा पावतीवरच्या १७.०८ शी काही संबंध नाही, कारण ते घड्याळ गाडी स्टार्ट लाइनवरचा प्रकाशकिरण ओलांडते तेव्हाच सुरू होतं. पण पावती मी फ्रिजवर लावली आहे.

माझी तक्रार एवढीच की १७ सेकंद धावायचं आणि वीस मिनिटं रांगेत उभं राहायचं.

त्या सतरा सेकंदांत एक गोष्ट दिसली होती. गाडी सरळ, पण स्टीयरिंग किंचित डावीकडे. पट्टीचा उतार असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्याच रविवारी डील्स गॅप, टेनेसीच्या सीमेवरचा डोंगरी रस्ता. ११ मैलांत ३१८ वळणं, वेगमर्यादा ताशी ३० मैल. मस्टँग त्या वेगात जांभया देते, बेडकीचा मात्र जीव तिथेच रमतो. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात, परत दुसऱ्यात, ब्रेक नावालाच. ज्यांनी आंबेनळी घाट पावसाळ्यानंतर पहाटे उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्या दिवशी डाव्या वळणांवर गाडी शहाण्यासारखी वागायची आणि उजव्या वळणांवर मागून शेपूट हलवायची. घसरत नव्हती, नुसती अस्वस्थ, नेसूचं सुटेल की काय अशी. पाचसहा उजवी वळणं झाल्यावर खांदे आखडले. डील्स गॅपला पडलेल्यांच्या मोटरसायकलींचे तुकडे टांगलेलं ते ‘लाजेचं झाड’ आहे ना, त्याच्याकडे न बघता परत आलो.

घरी येऊन अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, जुना कागद काढला. आमच्या भागातल्या एका दुकानात १२० डॉलर मोजून केलेलं अलाइनमेंट. सगळं हिरवं होतं म्हणे. नीट पाहिलं तर डाव्या मागच्या चाकाच्या दोन्ही आकड्यांसमोर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अगदी एकच: कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे २.३ अंश, टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) पाव अंश बाहेर. त्यांनी त्या चाकाला हातच लावला नव्हता. उजव्या वळणात सगळा भार डाव्या मागच्या चाकावर येतो, आणि ते चाक बाहेर बघत असेल तर शेपूट बाहेरच जाणार. सरळ जातानाही मागचं चाक डावीकडे ओढतं, म्हणून स्टीयरिंग डावीकडे. ४०२ मीटर सरळ धावून जे कळलं नाही ते पहिल्या उजव्या वळणाने सांगितलं.

हात का लावला नाही, ते पाना लावल्यावर कळलं.

आपल्या गाडीत चाकाला धरणाऱ्या खालच्या प्रत्येक आर्मला दोन एक्सेंट्रिक बोल्ट, एकूण आठ; ते फिरवले की हे कोन बदलतात. माझे पाच लोण्यासारखे फिरले. डावीकडचे मागचे दोन आणि पुढचा उजवा एक, हे तीन मात्र हट्टी. नट सैल झाला, ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना) लावला, बोल्ट फिरलासुद्धा! मी आनंदाने बार सोडला आणि बोल्ट आपला हळूच जागेवर परत आला. चार वेळा केलं, चारही वेळा परत. बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीच्या) आतल्या लोखंडी स्लीव्हमध्ये गंजून एकजीव झालाय आणि स्लीव्ह रबराला चिकटलेली. आपण फिरवतोय ते रबर, बोल्ट नव्हे. गाडीची पहिली दहा वर्षं ओहायोत गेली, रस्त्यावरच्या मिठात. त्याचे हप्ते आता मी फेडतोय.

पुढचे आठ दिवस थोडक्यात. दुकानातला महागडा स्प्रे: निरुपयोगी. निम्मं ॲसिटोन आणि निम्मं ट्रान्समिशन ऑइल: स्प्रेपेक्षा बरं, पण तेवढ्याने नाही. इम्पॅक्ट गन: गोंगाट. ब्लोटॉर्च: रबर धुमसलं, आदल्या रात्रीच्या मिश्रणाने पेट घेतला आणि बायको अग्निशामक घेऊन धावली. ॲसिटोन ओतल्यावर टॉर्च लावू नये हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेलच. मलाही होतं.

शेवटी करवत. बुश आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्या लोखंडी चौकटीत बसतो तिच्या) कानांमधल्या फटीत पातं घालून प्रत्येक बोल्टचे दोन काप. बायमेटलची तीन पाती दात घासून गुळगुळीत झाली, बोल्टवर फक्त चकचकीत रेघ. मग कार्बाइड दातांचं पातं आणलं. एकटं पातं तिन्हींपेक्षा महाग, पण चार मिनिटांत एक काप. पैसे वाचवायला जाऊ नका, सरळ कार्बाइड घ्या.

गंमत म्हणजे आर्मच्या बाहेरच्या टोकाचा तो लांब बोल्ट, ज्याची तुम्ही सगळ्यांनी मला दोन वर्षं भीती घातली होती, तो दोन ठोक्यांत बाहेर आला. मी तो हातात धरून पाच मिनिटं नुसता बसलो.

बेत होता पॉलियुरेथेनच्या बुशचा पूर्ण संच टाकायचा. पण जॉर्जियातल्या एका भंगारवाल्याकडे अख्खा आर्म ४० डॉलरला मिळाला, गंजाचा डागही नाही, बुश मऊ. पॉली करकरतं, दर वर्षी ग्रीस मागतं, आणि मला गाडी रोज चालवायचीय. तेव्हा रबर. फक्त नट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, हवेत नाही. हवेत आवळलेलं रबर गाडी खाली आली की पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता अलाइनमेंट. त्या दुकानात परत जायचं मनात नव्हतं. सासरे सध्या आमच्याकडे आलेत, इचलकरंजीला बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, “जावईबापू, चाक उभं आहे का तिरकं एवढंच बघायचंय ना? मग ओळंबा लावा की.”

ओळंबा! तीन आठवडे डोक्यात नाही आलं. एक नट दोरीला बांधला, टायरच्या फुगवट्यापासून सुटेल असा फेंडरवरून सोडला, आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजलं. माझ्या रिमचं माप कडेपासून कडेपर्यंत ३८० मिमी. दीड अंशाला फरक येतो जवळजवळ १० मिमी. आधी सासऱ्यांनी पाण्याच्या नळीने फरशीची लेव्हल बघितली, एका कोपऱ्यात ६ मिमी खड्डा निघाला, तिथे विनाइलच्या टाइल्स घातल्या. टोसाठी दोन्ही बाजूंनी ताणलेली दोरी. मागे दोन्हीकडे उणे दीड आणि टो जरासा आत. त्यांनी तीनदा मोजायला लावलं. दुकानातल्या लेझरवाल्याने एकदाही मोजलं नसेल.

काल संध्याकाळी गावाबाहेरच्या त्या तलावाच्या रस्त्यावर नेली. पहिलं उजवं वळण आलं, खांदे सवयीने आखडले, आणि काहीच झालं नाही. गाडी बसली, वळली, निघाली. परत फिरून तेच वळण चारदा घेतलं. स्टीयरिंगही सरळ. शेजारी सासरे छताची कड धरून बसले होते, म्हणाले, “बरी आहे की. पण पाय कुठे पसरायचे?”

उरला पुढचा उजवा. तोही कापणार होतो, पातं आणून ठेवलंय. पण लिहिता लिहिता सुचलं की पुढे मागच्याइतका गंज नाही, मग ओतून ठेवायला काय हरकत आहे? या वेळी टॉर्च नाही, फक्त ते मिश्रण, सकाळ-संध्याकाळ. चेरोहाला स्कायवे या डोंगरी रस्त्याचा बेत ऑक्टोबरवर ढकललाय, पानं रंगतील तेव्हा. नागपूरकर म्हणतात मस्टँग घेऊन मीही येतो. बघू या.

वरचं लिहून ठेवलं होतं, आज ओतण्याचा पाचवा दिवस. हे लिहून झाल्यावर खाली जाऊन बार लावला. बोल्ट पाव वेढा फिरला. बार सोडला आणि विजेरी धरून बघत बसलो. परत आला नाही.